गच्चीवरच्या शेडचं पॉलिकार्बोनेट: कापणं, भोकं पाडणं आणि वर चढून काम करणं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवर 12 बाय 20 फुटांची शेड करायची आहे. स्क्वेअर पाइपचा सांगाडा उभा आहे आणि 10 मिमी मल्टीवॉल (दोन पापुद्रे आणि मध्ये नळ्या असलेल्या) पॉलिकार्बोनेटच्या तीन शीट आणलेल्या आहेत. फॅब्रिकेटरने पहिली शीट ग्राइंडरने कापली आणि सेल्फ ड्रिलिंग स्क्रू वरून थेट मारून बसवली. महिन्याभरात स्क्रूंभोवती चांदणीसारखे तडे दिसायला लागले आणि कापलेल्या कडेवर वितळून गुठळ्या झाल्या आहेत. उरलेल्या दोन शीट कशा कापायच्या, भोकं कशी पाडायची, वर चढून काम कसं करायचं आणि पहिली शीट वाचेल का?

तुमच्या फॅब्रिकेटरने शीट पत्र्यासारखी बसवली, सगळी गडबड तिथून सुरू झाली. पत्रा सांगाड्याला आवळून टाकला तरी चालतो, कारण दोन्ही लोखंडच आहेत आणि दोन्ही सारखेच फुगतात. पॉलिकार्बोनेट लोखंडाच्या पाचपटीहून जास्त फुगतं. एका मीटरला एका अंशाला ते सुमारे 0.065 मिमी वाढतं, लोखंड 0.012 मिमी. नागपुरात हिवाळ्याच्या पहाटे शीट 10 अंशांवर असते आणि मेच्या दुपारी उन्हात ती 65 पर्यंत सहज जाते. हा 55 अंशांचा फरक 12 फुटांच्या, म्हणजे 3.66 मीटरच्या शीटला लावला तर ती 13 मिमी लांब होते. खालचा पाइप तेवढ्याच तापमानाला गेला असं धरलं तरी तो जेमतेम अडीच मिमी वाढतो. राहिलेला साडेदहा मिमीचा फरक कुठेतरी जायला हवा. शीट स्क्रूंनी जखडलेली असेल तर तो भोकाच्या कडेवर ताण म्हणून जातो आणि तिथून तडा निघतो. सेल्फ ड्रिलिंग स्क्रू स्वतःच भोक पाडतो, त्याचे आटे शीटमध्येच रुततात. त्यामुळे शीटला हलायला केसभरही जागा उरत नाही. माल खराब निघाला असं लोक म्हणतात, पण बहुतेक वेळा माल ठीकच असतो.

म्हणून भोक स्क्रूपेक्षा मोठं हवं. किती मोठं, ते हिशेबाने ठरवा. तुमचा स्क्रू 5.5 मिमीचा असेल. शीट मध्यावर धरली तर ती दोन्ही टोकांकडे 1.83 मीटरवर वाढते. शीटचं तापमान 35 अंशांच्या आसपास असताना बसवली तर पुढे ते 30 अंश वर आणि 25 अंश खाली जाणार. लोखंडाची वाढ वजा करून टोकाच्या स्क्रूपाशी शीट जास्तीत जास्त 2.9 मिमी इकडे किंवा तिकडे सरकते. 10 मिमीच्या भोकात स्क्रूला दोन्ही बाजूंना सव्वादोन मिमी मोकळीक मिळते, 12 मिमीच्या भोकात सव्वातीन. म्हणून मधल्या पर्लिनवर, म्हणजे शीट ज्यावर टेकते त्या आडव्या पाइपवर, 10 मिमी आणि वरच्या व खालच्या टोकाच्या ओळीत 12 मिमीचं भोक पाडा. स्क्रू भोकाच्या बरोबर मध्यभागी आला पाहिजे. हीच शीट मेच्या भर दुपारी, 60 अंशांना तापलेली असताना बसवली, तर थंडीत ती टोकाला जवळजवळ पाच मिमी आतच ओढली जाईल आणि 12 मिमीचं भोकही अपुरं पडेल. काम सकाळी करायचं ते माणसांना ऊन लागू नये म्हणून, आणि त्याहून जास्त शीटसाठी.

ड्रिलच्या कामात घाई सगळ्यात महाग पडते. बिट एचएसएसचंच (हाय स्पीड स्टीलचं) घ्या, काँक्रीटचं नको, आणि लोखंडाला वापरून बोथट झालेलं तर अजिबात नको. बोथट बिट कापत नाही, घासतं आणि वितळवतं. ड्रिलवरचा हॅमर बंद असल्याची खात्री करून घ्या. गच्चीवर काम करणाऱ्यांच्या हातात बहुधा हॅमर ड्रिलच असतं आणि त्याचा खटका काँक्रीटवर राहिलेला असतो. बॅटरीच्या ड्रिलचा पहिला गिअर उत्तम, मिनिटाला 500 ते 1000 फेरे पुरे. स्टेप बिट, ज्याला काही जण कोन बिट म्हणतात, ते मिळालं तर आणखी छान. ते शीटमध्ये अडकत नाही आणि भोक गोल, गुळगुळीत निघतं. पायऱ्यांची उंची 10 मिमीपेक्षा कमी असते, म्हणून वरच्या पापुद्र्याला मोठं भोक पाडल्यावर ते खालच्यापर्यंत हळूच उतरवावं लागतं.

भोकाखाली लाकडाचा ठोकळा धरा. वरचा पापुद्रा फुटत आला की दाब कमी करा, नाहीतर बिट एकदम खाली धसतं आणि खालचा पापुद्रा तडकतो. दोन पापुद्र्यांना जोडणाऱ्या उभ्या रिबवर भोक येऊ देऊ नका, दोन रिबच्या मधल्या नळीतच घ्या. 10 मिमी शीटमध्ये रिब साधारण सेंटिमीटरभर अंतरावर असतात. 10 किंवा 12 मिमीच्या भोकाने एखादी रिब थोडी कापली जाईलच, पण बिटाचं टोक रिबवर टेकवून सुरुवात केली तर ते घसरतं. कडेपासून भोक किमान 40 मिमी आत हवं. तेल, ग्रीस, कटिंग ऑइल अजिबात लावू नका. ताणाखाली असलेलं पॉलिकार्बोनेट अशा द्रव्यांनी आतून फुटतं. बिट तापलं तर थांबा, थंड होऊ द्या, भुसा काढा. भोकं शक्यतो खाली, सपाट जागेवर मापाने पाडून घ्या. वर सांगाड्यावर चढून, एका हाताने तोल सांभाळत पाडलेलं भोक सरळ येत नाही.

स्क्रूच्या खाली ईपीडीएम रबराचा वॉशर हवा. 12 मिमीच्या भोकासाठी 25 मिमी व्यासाचा किमान, 30 असेल तर बरं. पीव्हीसीचा वॉशर स्वस्त मिळतो, दिसायला तसाच असतो, पण त्यातलं मऊ करणारं द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि नेमकं वॉशरखालीच शीटला तडे पाडतं. त्याच कारणाने पीव्हीसी गॅस्केट आणि पीव्हीसीच्या पट्ट्याही शीटला चिकटवू नका. 10 मिमी उंचीची बाही असलेली पॉलिकार्बोनेटची बटणं मिळाली तर ती घ्या. स्क्रू कितीही आवळला तरी बाही पाइपला टेकते आणि शीट दाबली जात नाही. साधा स्क्रू वापरत असाल तर आवळणं हातात ठेवा. इम्पॅक्ट ड्रायव्हर नको. साध्या ड्रायव्हरचा क्लच कमी आकड्यावर ठेवा आणि शेवटचा अर्धा फेरा हाताने फिरवा. रबर वॉशरच्या धातूच्या कडेपर्यंत आलं की थांबायचं. ते कडेबाहेर फुगून आलं म्हणजे जास्त झालं. तपासायला स्टीलची पट्टी स्क्रूजवळ शीटवर आडवी ठेवा. पट्टीखाली खळगा दिसला तर वरचा पापुद्रा दबला आहे, अर्धा फेरा उलटा फिरवा. स्क्रू सरळ उभा जायला हवा. तिरका गेला की वॉशरची एक बाजू शीटमध्ये रुतते आणि दुसऱ्या बाजूने पाणी आत जातं.

आता कापण्याबद्दल. ग्राइंडरची चकती शीट कापत नाही, घासून वितळवते. पॉलिकार्बोनेट 147 अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि मिनिटाला 11 हजार फेऱ्यांच्या चकतीला तिथपर्यंत पोचायला क्षणभर लागतो. वितळलेला माल नळीची तोंडं बुजवतो, कड ओबडधोबड होते आणि त्या खाचांतून पुढे तडे सुरू होतात. शिवाय ते गरम धागे हातावर चिकटतात. मार्बल कटरला लाकडाचं दातेरी ब्लेड लावून कापणारेही असतात. ते तर धोक्याचं आहे. फेरे जवळपास 12 हजार, त्या ब्लेडसाठी नीट संरक्षक झाकण नाही, आणि अडकलं की हातातून उसळतं. असं करू देऊ नका.

सरळ लांब कापासाठी 7 इंची सर्क्युलर सॉ आणि त्याला 60 दातांचं टीसीटी (दातांना कार्बाइडची टोकं असलेलं) ब्लेड लावा. ब्लेड शीटच्या खाली थोडंच बाहेर येईल इतकं उतरवा, पूर्ण वेगात फिरल्यावरच शीटला लावा आणि सारख्या गतीने पुढे न्या. मध्ये थांबलात तर तिथेच वितळतं. छोट्या किंवा आडव्या कापांना बारीक दातांचं जिगसॉ चालतं, पण त्याची झोक्याची (पातं पुढे-मागे झुलवण्याची) सोय बंद ठेवा, वेग मध्यम घ्या. यंत्र नसेल तर बारीक दातांची हातकरवत किंवा इंचाला 24 दातांचं हॅकसॉ ब्लेड कमी कोनात धरून कापा. एका आडव्या कापाला वेळ लागतो, पण कड सुंदर येते. 6 मिमीपर्यंतची मल्टीवॉल धारदार कटरनेही कापता येते. ॲक्रिलिकला जशी रेघ मारून मोडता येते तशी ही मोडत नाही. वाकते, लवते आणि वेडीवाकडी चिरते.

शीट हलली की दात उडतात आणि कड तडकते, म्हणून आधार हाच अर्धा कारागीर आहे. गच्चीच्या लादीवर दोन इंची थर्माकोलच्या शीट पसरा आणि त्यावर पॉलिकार्बोनेट ठेवा. ब्लेड थर्माकोलमध्ये उतरतं, खाली काही घासत नाही. कापाच्या दोन्ही बाजूंना हाताएवढ्या अंतरावर क्लॅम्पने लाकडी पट्टी आवळा. वरची फिल्म काढू नका, रेघ तिच्यावरच मारा. कापल्यावर कडेचे बारीक तुकडे चाकूच्या पातीने खरडा आणि 220 नंबरच्या पॉलिश पेपरने एक हात फिरवा. खाचा राहू देऊ नका. गॉगल लावाच. हे तुकडे काचेसारखे नसले तरी डोळ्यात गेले तर तेवढेच छळतात.

आता नळ्यांमधला भुसा. तो स्थिर विजेने आत चिकटतो आणि टेप लावल्यावर कायमचा आत राहतो. कापल्या कापल्या ब्लोअरने किंवा तेल-पाणी नसलेल्या कोरड्या हवेने दोन्ही टोकांनी उडवा. तोंडाने फुंकू नका, ओल जाते. मग वरच्या, म्हणजे उंच टोकाला ॲल्युमिनियमची बंद टेप आणि खालच्या टोकाला छिद्रं असलेली ब्रीदर टेप लावा. खालची टेप हवा आणि वाफेचं पाणी बाहेर सोडते, धूळ आणि मुंग्या अडवते. दोन्ही टोकं बंद केली की पहिल्याच पावसाळ्यात आत थेंब दिसतात आणि पुढच्या वर्षी हिरवं शेवाळ. ब्राउन टेप लावून भागवू नका, ती नागपूरचा एक उन्हाळाही काढत नाही. खालच्या यू प्रोफाइलला, म्हणजे शीटची कड धरणाऱ्या पट्टीला, फूट-फूट अंतरावर 3-4 मिमीची भोकं पाडा, नाहीतर पाणी तिथेच साचतं.

नळ्या उताराच्या दिशेनेच असाव्यात. उतार किमान 5 अंश, म्हणजे 12 फुटांना साधारण 13 इंच. तुमच्या सांगाड्याला तेवढा नसेल तर शीट बसवण्याआधी खांबांची उंची बदला. कमी उतारावर धूळ आणि पाणी बसून राहतं, आणि वर्धा रोडपासून कामठी रोडपर्यंत नागपुरात धुळीची कमतरता कुठेच नाही.

फिल्मबद्दल एकच लक्षात ठेवा. यूव्ही संरक्षण बहुतेक शीटला एकाच बाजूला असतं आणि त्या बाजूच्या फिल्मवर छापील मजकूर असतो. ती बाजू वर. उलटी बसवली तर शीट पिवळी पडते आणि ठिसूळ होते. फिल्म काढल्यावर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. म्हणून कापताना प्रत्येक तुकड्यावर मास्किंग टेपने खूण करा, विशेषतः उरलेल्या तुकड्यांवर, कारण ते नंतर कुठेतरी वापरले जातात आणि तेव्हा कुणालाच आठवत नाही. प्रोफाइलमध्ये जाणाऱ्या कडेवरची फिल्म दोन इंच मागे सोला, बाकीची बसवल्याच्याच दिवशी पूर्ण काढा. उन्हात राहिलेली फिल्म चिकटून बसते आणि सोलताना तुकड्यातुकड्यांनी निघते. आणलेल्या शीट सावलीत, सपाट, टोकं झाकून ठेवा. गच्चीवर ढीग लावून प्लास्टिकने झाकलात तर आत भट्टी होते.

प्रोफाइलमध्येही शीट घट्ट बसवू नका. कड 20 मिमी आत गेली पाहिजे, पण तळाशी रुंदीसाठी जागा सोडायची. 2.1 मीटर रुंद शीट उन्हाळा-हिवाळ्यात साडेसात मिमी हलते, म्हणून दोन्ही बाजूंना किमान चार मिमी. गॅस्केट ईपीडीएमचं. सिलिकॉन लावायचंच असेल तर न्यूट्रल क्युअर असं लिहिलेलंच घ्या, इतवारीतल्या लोहाओळीत विचारलं की मिळतं. आंबट वासाचं साधं सिलिकॉन गॅल्व्हनाइज्ड पाइप आणि ॲल्युमिनियमला खातं. पाइपचा वरचा पृष्ठभाग, जिथे शीट टेकते, तिथे पांढरा रंग द्या. काळा पाइप शीटखाली पट्टाभर जास्त तापतो. रंग पूर्ण वाळू द्या, ओल्या रंगातला थिनर शीटला लागला की तडे येतात. वेल्डिंग राहिलं असेल तर ते शीट येण्याआधी उरकून घ्या. ठिणगी पडलेली जागा नंतर पुसता येत नाही.

आता वर चढण्याचं. 12 फुटांची कापलेली शीट अवघी 13 किलोची असते आणि दोन माणसं सहज उचलतात. वजन हलकं म्हणून लोक बेसावध राहतात. पण तिचं क्षेत्र पावणेआठ चौरस मीटर आहे. ताशी 36 किलोमीटरचा वारा तिच्यावर समोरून आला तर सुमारे 47 किलोचा धक्का बसतो आणि गच्चीच्या कठड्याशी उभ्या माणसाला तो पुरेसा आहे. मे-जूनमध्ये नागपुरात दुपारनंतर वावटळ आणि वादळी वारा अचानक येतो. म्हणून शीट वर नेण्याचं काम सकाळी आठ-नऊच्या आत, दोन माणसं खाली, दोन वर, आणि शीट कडेवर उभी, वाऱ्याच्या दिशेला धरून न्या. वर चढवल्यावर लगेच दोन स्क्रूंनी सैल अडकवा. न अडकवलेली शीट वर ठेवून चहाला जाऊ नये. गच्चीजवळून वीजतारा जात असतील तर ॲल्युमिनियमचं लांब प्रोफाइल उभं करून फिरवू नका, आडवंच न्या.

शीटवर पाय ठेवायचा नाही. 10 मिमी शीट माणसाच्या वजनाने फुटली नाही तरी वाकते आणि प्रोफाइलमधून निसटते, आणि दुसऱ्या मजल्यावर परिणाम एकच. दोन इंच जाड, नऊ इंच रुंद लाकडी फळ्या किमान तीन पर्लिनवर टेकतील अशा आडव्या टाका, टोकांना दोरीने बांधा, खाली जुनं पोतं घाला म्हणजे शीट घासणार नाही. पूर्ण अंगाचा हार्नेस, आयएस 3521 चा शिक्का असलेला, घाला आणि दोरी खांबाला किंवा काँक्रीटला बांधा, पर्लिनला नाही. धूळ बसलेली आणि दवाने ओली शीट फार घसरडी असते.

सांगाडाही एकदा तपासा. नागपूरसाठी आयएस 875 भाग 3 मध्ये मूळ वाऱ्याचा वेग 44 मीटर प्रतिसेकंद धरला आहे. बाकीचे गुणक बाजूला ठेवले तरी त्याने प्रत्येक चौरस मीटरवर जवळपास 118 किलोचा दाब होतो आणि तुमच्या 22 चौरस मीटरच्या छपराला अडीच टनांच्या वर. छपराला वर उचलणारा जोर खांबांच्या पायाशी येतो. चार खांब स्लॅबवर नुसते वाळू-सिमेंटच्या लादीत बसवले असतील तर शीट कितीही नीट लावली तरी उपयोग नाही. अँकर बोल्ट आणि बेस प्लेट हवीच.

तुमची पहिली शीट. स्क्रू काढा आणि प्रत्येक तड्याचं टोक उजेडात बघा. तडा स्क्रूच्या भोकापासून 4 मिमीपर्यंतच असेल तर स्टेप बिटाने भोक 14 मिमीपर्यंत वाढवा. तडा पूर्ण कापला गेला पाहिजे, टोक जरा जरी राहिलं तरी तो पुढे चालतो. मग 40 मिमीच्या वॉशरने पुन्हा बसवा. तडे त्याहून लांब गेले असतील तर त्या ओळीची पट्टी कापून टाका आणि शीट आखूड जागी वापरा. एम-सील किंवा अरल्डाइटने भरू नका, ते पकड धरत नाहीत आणि त्यांतली द्रव्यं तडा वाढवतात. वितळलेली कड बारीक करवतीने इंचभर मागे कापली की नळ्या उघड्या होतात.

स्वच्छतेला कोमट पाणी, साधा साबण आणि मऊ कापड. कोरडी धूळ पुसू नका, आधी पाण्याने वाहू द्या, नाहीतर ओरखडे पडतात. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन, अमोनिया असलेले काच पुसायचे द्राव आणि खार-सोडा दूर ठेवा. टेपचा चिकटपणा निघत नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाला लावून पुसा आणि लगेच पाण्याने धुवा. उन्हाळ्यात कूलर शेडच्या वर किंवा शेजारी ठेवणार असाल तर त्याचं जादा पाणी शीटवर पडू देऊ नका. बोअरचं जड पाणी एका मोसमात पांढरे डाग पाडतं आणि ते घासून काढायला गेलं की यूव्हीचा थर जातो. कूलरच्या ओव्हरफ्लोला पाइप लावून तो सरळ पन्हळीत सोडा.